लॅपटॉपवर लिनक्सचं कर्नल कुठलं ठेवावं: कंपनीचं की जेनेरिक?

कडकभाकरी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी जुळे सोलापुरात घरूनच काम करतो (सॉफ्टवेअर टेस्टिंग). महिन्यातून दोनदा पुण्याच्या ऑफिसात तोंड दाखवायला जावं लागतं. फेब्रुवारीत पुण्यातूनच एक वापरलेला लॅपटॉप घेतला. कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून एकगठ्ठा निघालेला माल, दुकानदाराने पुसून-बिसून उबंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिला. कंपनीचं नाव घेत नाही, तिचे भक्त अंगावर येतील. एरवी मशीनबद्दल तक्रार नाही.

तक्रार एकच. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकतो. दौंडच्या पुढे कधी बॅग मांडीवर घेतली तर खालून तवा. पुण्याला उघडून बघतो तर बॅटरी ८८ वरून ५२ टक्के. चार तासांत, काहीही न करता.

चुलतभावाने फोनवर 'युनेम -आर' ही आज्ञा मारायला लावली, म्हणजे कुठलं कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालू आहे ते कळतं. उत्तर आलं: ६.१४.०-१०१२-ओईएम (ओईएम म्हणजे मशीन बनवणारी कंपनी). तो म्हणाला, "हे कंपनीचं कर्नल आहे, हेच बॅटरी खातंय. उडव आणि जेनेरिक टाक." मी जेनेरिक टाकलं, ६.१४.०-३३-जेनेरिक असं ते दिसतंय, पण मशीन चालू केलं की परत ओईएमच उभं. तीनदा करून पाहिलं.

तर जाणकारांनी सांगावं: ओईएम ठेवू की उडवू? उडवताना मशीन आडवं पडलं तर? सोमवारी सकाळी दहाला मीटिंग आहे, हेही लक्षात घ्या.

मेडिकलवाला_नवीपेठ

शीर्षकात 'कंपनीचं की जेनेरिक' वाचून धावत आलो. आयुष्यभर याच प्रश्नाची उत्तरं देतोय. गोळी असेल तर जेनेरिक घ्या, घटक तोच, किंमत कमी. कर्नल काय प्रकार आहे ते माहीत नाही, पण बसतो इथेच.

शेंगाचटणी

वाखु (वाचनखूण) साठवली. माझंही मशीन असंच तापतं. पण सोलापुरात मे महिन्यात तापत नाही असं काय आहे?

विजापूरवेस_विद्रोही

उडवा. प्रश्नच नाही. लिनक्स घ्यायचं आणि वर कंपनीचंच कर्नल मिरवायचं, मग विंडोज काय वाईट होतं? आत काय घुसवलंय कुणाला माहीत.

अण्णा_अशोकचौक

विद्रोहीभाऊ, थोडं थांबा. कडकभाकरी, तुम्हीही आधी एक गैरसमज काढून टाका.

'कंपनीचं कर्नल' हे नावच फसवं आहे. ते लॅपटॉपच्या कारखान्यात बनत नाही. बनवते उबंटूवाली कॅनॉनिकलच, आणि येतं उबंटूच्या त्याच भांडारातून जिथून जेनेरिक येतं. सुरक्षेचे अपडेटही तिथूनच. डेल, एचपी, लेनोवो अशा कंपन्या आपली काही मॉडेलं उबंटूवर तपासून प्रमाणित करून घेतात. त्या तपासणीत समजा अमुक मॉडेलचा माईक बोलत नाही असं निघालं. दुरुस्ती लिहिली, तरी ती मूळ कर्नलमध्ये मान्य होऊन जेनेरिकमध्ये उतरेपर्यंत कित्येक महिने जातात. लॅपटॉप तर आत्ता दुकानात जायचाय. मग ती दुरुस्ती आधी ओईएम कर्नलमध्ये लावतात. पुढे तीच मूळ कर्नलमार्गे जेनेरिकमध्ये येते आणि ओईएमची ती आवृत्ती निवृत्त होते.

पीठ मंगळवेढ्याच्याच ज्वारीचं. जेनेरिक म्हणजे साधी भाकरी, ओईएम म्हणजे त्यावर तीळ लावलेले.

आता तुम्ही जेनेरिक टाकूनही ओईएमच का उभं राहतं ते. तुमचे दोन्ही आकडे नीट बघा. दोन्ही ६.१४.० आहेत. पुढे एकाला १०१२, दुसऱ्याला ३३. ओईएमची ही मागची गणती हजारापासूनच सुरू होते. ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना कर्नल निवडणारा प्रोग्रॅम, बिचारा सरळमार्गी, त्याला मोठा आकडा म्हणजे नवीन कर्नल. शिवाय प्रमाणित मशीन असेल तर ग्रबच्या सेटिंगच्या फोल्डरात ओईएम-फ्लेवर नावाची एक इवलीशी फाइल येते, तीत 'आधी ओईएम' असं लिहिलेलंच असतं. त्यामुळे तुम्ही तीनदा काय, तेराशेवेळा केलंत तरी तेच.

कडकभाकरी

अण्णा, तीळ कळले! पण दुकानदाराने तर साधं उबंटू टाकलं होतं म्हणाला. मग हे ओईएम आलं कुठून?

अण्णा_अशोकचौक

दुकानदार खरंच बोलला असेल. उबंटूचा इन्स्टॉलर मशीन ओळखतो. प्रमाणित यादीतलं निघालं आणि नेट चालू असलं तर त्या मॉडेलचं मेटापॅकेज (लागणारी बाकीची पॅकेजं सोबत घेऊन येणारं पॅकेज) आपणहून आणतो. 'उबंटू-ड्रायव्हर्स लिस्ट-ओईएम' मारून बघा, नाव दिसेल.

विजापूरवेस_विद्रोही

अण्णा, वयाचा मान ठेवून विचारतो. त्या तिळांत काय आहे ते कोण तपासणार?

अण्णा_अशोकचौक

तुम्ही! कर्नल जीपीएल आवृत्ती २ च्या परवान्याखाली आहे, ओईएमवालंही. सोर्स उघडा आहे, उतरवून घ्या आणि वाचा. झालं की आम्हालाही सांगा.

विजापूरवेस_विद्रोही

चार कोटींच्या आसपास ओळी वाचायला सांगताय. पुढच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत तरी वेळ द्या.

टॉवेलवाला

काय करलालास बे कडकभाकरी, उगं चांगल्या चालत्या मशीनला हात घालू नको. माझी गोष्ट ऐक.

आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. जॅकार्डचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून मी उबंटूच्या पोटात वर्च्युअल मशीन करून त्यात विंडोज ठेवलंय. दिवाळीच्या तोंडावर भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे घरात सगळं त्यालाच कळतं. "मामा, तुझ्या मशीनला ओईएम कर्नल जास्त चांगलं." टाकलं. रीस्टार्ट केलं. वर्च्युअल मशीन उघडंना. 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' म्हणून लाल अक्षरं. रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी पार्टीला हॉटेलच्या टॉवेलचं डिझाइन पाठवायचं, नाव विणलेलं, काठ वेगळा, आणि ते सगळं त्या विंडोजच्या आत अडकलेलं. भाचा झोपला.

कुठंतरी वाचलं होतं की मशीन चालू होताना एस्केप दाबलं की जुनं कर्नल निवडता येतं. मी घाबरून दहा-बारा वेळा दाबलं. मेनू यायच्या ऐवजी काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' आणि पुढं एक बाण. आता हेही गेलं म्हणून मी डोक्याला हात लावला. बायको म्हणाली, बंद करून चालू करा की. केलं. ह्या वेळी एस्केप एकदाच, हळू दाबलं. मेनू आला. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये गेलो, जेनेरिक होतं, त्यावर एंटर. सगळं जिथल्या तिथं. रात्री दीडला डिझाइन गेलं.

सकाळी भाच्याला उठवला तो चादर ओढून. आमचीच चादर, सोलापुरी, सहजासहजी फाटत नाही.

प्रयोगशाळा_ताई

टॉवेलवाला, भाच्याचं नेमकं काय चुकलं ते सांगते, नाहीतर दोष ओईएमच्या माथी जायचा. त्याने नुसतं 'इमेज'चं, म्हणजे खुद्द कर्नलचं पॅकेज टाकलं असणार, हेडर्स (बाहेरची मॉड्यूलं बांधायला लागणाऱ्या फायली) टाकले नसणार. वर्च्युअल मशीनचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) प्रत्येक कर्नलसाठी डीकेएमएस नावाची सोय तिथल्या तिथे बांधून घेते, आणि बांधायला त्याच कर्नलचे हेडर्स लागतात. 'लिनक्स-ओईएम-२४.०४' हे पूर्ण मेटापॅकेज टाकलं तर इमेज आणि हेडर्स जोडीने येतात. ग्राफिक्सच्या बंद ड्रायव्हरचंही तसंच, ओईएमसाठीचं मॉड्यूल वेगळं, जेनेरिकसाठीचं वेगळं.

रच्याकने (जाता जाता), एस्केप जास्त वेळा दाबून त्या काळ्या पडद्यावर पोचलात तर 'नॉर्मल' असं टाइप करून एंटर मारायचं, मेनू परत येतो. वहिनींचा उपायही चालतो.

टॉवेलवाला

ताई, हेडर्स-बिडर्स काय कळालं नाही, पण भाच्याला हा प्रतिसाद दाखवणार हाय. लई फुशारकी मारतो.

पुणेरी_तिखट

एवढं गुऱ्हाळ कशाला? ओईएम जुनं, जेनेरिकही जुनं. मूळ कर्नलच्या साइटवरून ताजं आलेलं घ्या. मी दर आठवड्याला नवं टाकतो. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

प्रयोगशाळा_ताई

तिखटराव, तुमच्या मशीनवर तुम्ही राजे. पण कडकभाकरींचं सिक्युअर बूट (सही नसलेलं कर्नल अडवणारी सोय) चालू असेल तर ते ताजं कर्नल उभंच राहणार नाही. उबंटूची मेनलाइन, म्हणजे मूळ कर्नलची, बांधणी त्यांच्या किल्लीने सही केलेली नसते. पडद्यावर 'बॅड शिम सिग्नेचर' येईल आणि सोमवारी दहाची मीटिंग तुमच्या नावाने होईल. ती बांधणी एखादा दोष मूळ कर्नलमध्ये सुटलाय का हे तपासायला ठेवलेली असते, रोज वापरायला नाही. सुरक्षेची जबाबदारीही त्यात कुणी घेत नाही.

माझं मत विचाराल तर अण्णांपेक्षा थोडं वेगळं आहे. मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आहे. तीस मशीनं, सगळ्यांवर साधं जेनेरिक, तेही २४.०४ सोबत पहिल्या दिवशी आलेलं ६.८. त्याला उबंटूची पाच वर्षांची साथ आहे, मधे उडी नाही. ओईएम आणि एचडब्ल्यूई दोन्ही दर काही महिन्यांनी पुढच्या आकड्यावर उडी मारतात. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी उडी मारली तर बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी काय तीळ दाखवू? म्हणून माझा नियम: हार्डवेअर चालत असेल तर सगळ्यांत कंटाळवाणं कर्नल ठेवायचं.

अण्णा_अशोकचौक

ताई, लॅबसाठी शंभर टक्के सहमत. पण तुमची मशीनं डेस्कटॉप. झोप नाही, झाकण नाही, कॅमेरा नाही. लॅपटॉपचं सगळं दुखणं तिथेच असतं.

शेंगाचटणी

एचडब्ल्यूई म्हणजे काय? आधीच दोन होते, आता तिसरं कुठून आलं?

एसटीतला_डेव्हलपर

बार्शी गाडीत बसून लिहितोय, टायपो माफ.

शेंगाचटणी, असं समज. उबंटू २४.०४ निघालं एप्रिल २०२४ मध्ये, कर्नल ६.८. हे मूळ घर. लॅपटॉप मात्र २०२५ मध्येही नवे येतात, त्यांच्या चिप्स ६.८ ला ओळखीच्या नाहीत. मग दर सहा महिन्यांनी पुढच्या उबंटूचं कर्नल मागे आणून २४.०४ ला देतात. आधी ६.११ आलं, मग ६.१४. हे एचडब्ल्यूई. नावात तेही 'जेनेरिक'च लावतात, त्यामुळे गोंधळ. उबंटू डेस्कटॉप घेतलंस तर तू बहुतेक याच रांगेत आहेस.

ओईएम याच रांगेत थोडं पुढे घुसून उभं असतं. ओळखीचा माणूस काउंटरवर असल्यासारखं.

किती फरक पडतो? वायफायचं उदाहरण घे. एमटी७९२१ ही चिप मूळ कर्नलला ५.१२ मध्ये कळली. आरटीएल८८५२बीई ६.२ मध्ये. आता २२.०४ चं मूळ कर्नल ५.१५. म्हणजे पहिली चिप असेल तर नुसत्या जेनेरिकवर काम झालं, दुसरी असेल तर कपाळावर हात. माझा दुसरा प्रकार होता. वायफायचा ड्रायव्हर उतरवायला वायफाय पाहिजे! शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट घेतलं, ओईएमचं ६.५ टाकलं, आणि वायफाय जागं झालं. तेव्हा मी ओईएमचा भक्त होतो. पुढे जेनेरिकही त्या आकड्याला पोचलं, मग भक्ती संपली.

वैराग आलं, रेंज जाणार.

मेडिकलवाला_नवीपेठ

म्हणजे आमच्यापेक्षा उलटं आहे. आमच्याकडे आधी कंपनीचं औषध येतं, पेटंट संपलं की जेनेरिक. इथे कंपनीचंही फुकट आणि जेनेरिकही फुकट? मग धंदा कसा करता हो तुम्ही लोक?

पार्कचौक_पंखा

धागा भरकटतोय. मूळ प्रश्न बॅटरीचा आहे. कडकभाकरी, झोपेचा प्रकार बदला. कर्नलला 'मेम-स्लीप-डिफॉल्ट' डीप असं द्या. माझ्या जुन्या मशीनवर रात्रीत दोन टक्केसुद्धा जात नाही.

कडकभाकरी

पंखाभाऊ, ती मेम-स्लीपची फाइल उघडून बघितली. त्यात चौकटी कंसात एकच शब्द आहे, एस-टू-आयडल. डीप कुठेच नाही.

अण्णा_अशोकचौक

मग तो मार्ग बंद. डीप म्हणजे जुनी एस-थ्री झोप, त्यात मेमरी सोडून सगळं निजतं. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपांनी ती काढूनच टाकली. आता आहे ती डुलकी. मांडी घालून बसलेले आजोबा डोळे मिटतात ना, तशी. कुणी नुसतं खाकरलं तरी 'हां, काय म्हणालास?'

म्हणून मला आता कर्नलपेक्षा वेगळाच संशय येतोय. झोपेत जाऊन हे मशीन उठतंय का, ते आधी बघा. जर्नलमध्ये (सिस्टीमच्या नोंदवहीत) प्रवासाच्या वेळचे कर्नलचे संदेश काढा आणि 'सस्पेंड एंट्री' आणि 'सस्पेंड एक्झिट' अशा ओळी किती वेळा येतात ते मोजा.

शेंगाचटणी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खरं तर शेंगा आहेत.

कडकभाकरी

मंडळी, मोजलं. हात थरथरतायत.

गेल्या वेळच्या प्रवासात, सोलापूर ते पुणे, 'एंट्री' आणि 'एक्झिट' २१४ वेळा. दोनशे चौदा! झोपला, पंधरा-वीस सेकंदांत उठला, चाळीस सेकंद जागा राहिला, परत झोपला. पुण्यापर्यंत हेच. तेच मशीन घरी टेबलावर रात्रभर झाकण लावून ठेवलं होतं, त्या रात्री एंट्री एक, एक्झिट एक.

प्रयोगशाळा_ताई

२१४ गुणिले ४० सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन तास वीस मिनिटं तो बॅगेत जागा होता. तवा का झाला ते कळलं. झाकण बंद दिसलं की सिस्टीम त्याला परत झोपवते, पण कुणीतरी परत उठवतंय. घरी होत नाही, गाडीत होतं. प्रवासात यूएसबीला काय लावलेलं असतं?

कडकभाकरी

काहीच नाही ताई. चार्जरसुद्धा नाही.

थांबा. वायरलेस माऊसचं डोंगल. ते नखाएवढं आहे, कायम लावलेलंच असतं. घरी रात्री माऊस बंद करून ठेवतो, प्रवासात मात्र तसाच चालू बॅगेत टाकतो. डब्याच्या बाजूच्या कप्प्यात.

अण्णा_अशोकचौक

सापडला चोर.

साध्या माऊसला लिनक्स सहसा मशीन उठवू देत नाही, कीबोर्डला देतं. पण कीबोर्ड आणि माऊस दोन्हींना चालणारं डोंगल असेल तर ते कर्नलला सांगतं, 'मी कीबोर्डपण आहे.' झालं, उठवायचा परवाना मिळाला. मग कुर्डुवाडीला गाडीने धक्का दिला, डबा माऊसवर आपटला, बटण दाबलं गेलं, आजोबा जागे.

डोंगल काढून टाका, एवढंच. काढायचं नसेल तर सिस्टीमच्या फायलींत त्या डोंगलच्या 'पॉवर' फोल्डरात 'वेकअप' नावाची फाइल असते, तिच्यात 'डिसेबल्ड' लिहा. पण रीस्टार्ट केल्यावर किंवा डोंगल काढून लावल्यावर ते पुसलं जातं, कायमचं करायला यूडेव्हचा (उपकरणं जोडली की काय करायचं ते ठरवणाऱ्या सोयीचा) नियम लिहावा लागेल.

टॉवेलवाला

म्हणजे डब्यातल्या भाकरीनं बॅटरी खाल्ली! आयडी सार्थकी लागला बे.

विजापूरवेस_विद्रोही

मी ओईएमबद्दल बोललो ते अर्धं परत घेतो. अर्धं ठेवतो.

पुणेरी_तिखट

एक डोंगल काढण्यासाठी तीस प्रतिसाद. सोलापूरकरांकडे वेळ भरपूर. (दिवे घ्या.)

शेंगाचटणी

तिखटराव, आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. वाट बघायची सवय आहे. तुम्ही दर आठवड्याला कर्नल बदलता, तुमच्याकडे वेळ कमी कसा?

एसटीतला_डेव्हलपर

बार्शीला पोचलो, सगळं वाचलं. शाब्बास. पण मूळ प्रश्न राहिलाच ना? ओईएम ठेवायचं की जेनेरिक? डोंगल काढून दोन्हींवर झोपवून बघा.

कडकभाकरी

बरोबर आहे, अर्धवट सोडणार नाही. पेशाने टेस्टरच आहे. चार रात्री द्या.

कडकभाकरी

चार रात्री झाल्या. डोंगल काढलेलं, वायफाय चालू, झाकण बंद, प्रत्येक वेळी आठ तास. एक रात्र ओईएम, एक रात्र जेनेरिक, परत ओईएम, परत जेनेरिक. ग्रबच्या फाइलमध्ये डिफॉल्टला 'सेव्हड' केलं, त्यामुळे रोज एस्केपची मारामारी नाही.

ओईएम ५ टक्के, जेनेरिक ६, ओईएम ६, जेनेरिक ५. म्हणजे बॅटरीत काडीचा फरक नाही. चुलतभावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मी तसं म्हणालोच नव्हतो."

पण दुसरीच गंमत सापडली. दुसऱ्या दिवशी जेनेरिकवरून मीटिंगला बसलो तर कॅमेरा गायब. नुसता काळा चौकोन, त्यात माझं नाव. साहेब म्हणाले, "आंघोळ झाली नाही का?" ओईएमवर आलो तर कॅमेरा ठणठणीत. हे काय आहे?

अण्णा_अशोकचौक

तुमच्या मशीनला आयपीयू६ पद्धतीचा कॅमेरा असणार. जुने लॅपटॉप-कॅमेरे आतून यूएसबीने जोडलेले असत, कुठल्याही कर्नलला समजत. हा थेट प्रोसेसरच्या चित्र-विभागाला जोडलेला असतो आणि त्याला कर्नलबाहेरची मॉड्यूलं लागतात. ती वेगळ्या पॅकेजात येतात, ओईएमसाठीचं वेगळं, जेनेरिकसाठीचं वेगळं. तुमच्याकडे मेटापॅकेजने ओईएमवालं आणून ठेवलंय, जेनेरिकवालं कुणी आणलंच नाही. तेव्हा जेनेरिकचाही तसा दोष नाही.

प्रयोगशाळा_ताई

मग मी माझं मत बदलते. कडकभाकरी, ओईएम ठेवा. तुमच्या मशीनवर कंटाळवाणं कर्नल तेच आहे. जेनेरिक बाजूला असू द्या, अडीअडचणीला. उडवायची वेळ आलीच कधी तर क्रम लक्षात ठेवा: आधी दुसऱ्या कर्नलवर मशीन चालू करायचं, मग मेटापॅकेज काढायचं, मग इमेज. नुसती इमेज काढली तर पुढच्या अपडेटला मेटापॅकेज नवी घेऊन येतं. आणि डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बूटचा भाग वेगळा आणि लहान असतो, दोन-दोन जातींची कर्नलं साठली की तो भरतो. अधूनमधून ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजं काढणारी आज्ञा) चालवा.

पार्कचौक_पंखा

शिवाय बायोसचं (मशीनच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट बघा, 'एफडब्ल्यूयूपीडी' नावाच्या प्रोग्रॅमने होतं. हे मात्र खरंच लॅपटॉप कंपनीकडून येतं. झोपेचे बरेच घोळ तिथेही सुटतात.

मेडिकलवाला_नवीपेठ

मी पहिल्यापासून वाचतोय. माझ्या दुकानातल्या बिलिंगच्या मशीनला यातलं कुठलं टाकू?

अण्णा_अशोकचौक

सध्या काय आहे त्यावर?

मेडिकलवाला_नवीपेठ

विंडोज ७.

अण्णा_अशोकचौक

दुकानावर येतो. चहा ठेवा.

कडकभाकरी

शेवटचा अपडेट. काल पुण्याला जाऊन आलो. ओईएम ठेवलं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे जेनेरिक बाजूला. निघताना ८८, पोचल्यावर ८५. बॅग थंड. सगळ्यांना धन्स.

डोंगल हरवू नये म्हणून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. आज सकाळी आईने शर्ट मशीनला लावला.

टॉवेलवाला

आता?

कडकभाकरी

तांदळाच्या डब्यात ठेवलंय. उद्या सांगतो.